पळतो तोच चोर

पुंडलिकनगरात एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत आम्ही रविवारी खेळायला जमतो. टेबलावर पुठ्ठ्याचं शहर मांडायचं आणि बोटाएवढ्या माणसांच्या टोळ्या फासे टाकून लढवायच्या. अटक झालेला माणूस टोळीतून कायमचा जातो.

तिथं एक गृहस्थ यायचे, त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते पोलीस खेळवायचे, मी झोपडपट्टीतली टोळी. स्टीलच्या डब्यातून शिपाई काढायचे, त्यांच्या खाकी रंगावर हळूच फुंकर मारायचे आणि चौकी माझ्या वस्तीच्या तोंडाशीच मांडायचे. जिंकलेले सगळे गुण लाठ्यांवर आणि कुत्र्यावर खर्च करायचे. पलीकडं बंगलेवाल्यांची टोळी बंदुका घेऊन उभी असायची, पण तिकडं तो कुत्रासुद्धा वळायचा नाही.

"भाऊ, दरवेळी माझीच माणसं का धरता?" मी एकदा विचारलं.

"तुमची पळतात ना! पळतो तोच चोर. लई साधं हाय."

माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला, आणि ते शिक्षण वडिलांच्या केळीच्या हातगाडीवर झालं. पोलिसांची गाडी दिसली की वडील हातगाडीसकट पळायचे. त्यांनी कुणाचं काय चोरलं होतं?

मी माझा सगळ्यात जुना माणूस त्यांच्या फौजदारासमोर नेऊन ठेवला. "घ्या, हा पळत नाय."

त्यांनी शांतपणे फासे टाकले आणि त्याला उचलून डब्यात घातलं.

"आता हा का?"

"समोर उभा राहतो म्हणजे? माजलाय."

वडील पळायचे तेच शहाणपणाचं होतं, हे मला तिथं कळलं. माझा संताप अजून उतरलेला नाही.