भोंग्यावर पडलेली अळी

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा तो बघायला थेट जामखेडपासून माणसं आली होती. एका आजोबांनी त्याच्यापुढं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा मशीनलाच देऊ केला. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पण चपला बाहेर काढून, हात धुऊन आत जायचं, हा नियम मात्र शंभर टक्के खरा. त्यावर हेडसरांचा आणखी एक हुकूम होता: मशीन वाजवायची नाही. कॉम्प्युटरची खोली त्यांच्या खोलीला लागून, आणि त्याच्या पोटातलं पीं-पीं ऐकलं की म्हणे त्यांची दाढ दुखायची.

मी त्या श्रीगोंद्याच्या शाळेत संगीत शिकवायचो. म्हणजे पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, आणि पाहुणा आला की स्वागतगीत. पोरं माझ्या तोंडाकडं बघून गायची. मी मधेच खोकलो तर सगळा वर्ग सुरात खोकायचा.

अशात पुण्याला नोकरीला लागलेल्या एका जुन्या विद्यार्थ्यानं फ्लॉपीवर स्वरलिपीचा प्रोग्रॅम पाठवून दिला. साधाच होता. सा, रे, ग, म साठी त्यांची इंग्रजी अक्षरं दाबायची, सूर लांबवायचा असेल तर आडवी रेघ मारायची. मशीन ते वाजवून दाखवी आणि छापूनही देई. मी वेडा झालो. म्हटलं, आता माझं तोंड बघायचं बंद. नववीनं आपली चाल बांधायची, वहीत लिहायची, मी ती मशीनवर छापून द्यायची. आठवीनं छापील कागदावरून वाचायला शिकायचं.

तेवढ्यात गणिताचा निकाल लागला. लागला म्हणजे आपटलाच.

"सर," हेडसर म्हणाले, "संगीताचा तास गणिताला देतोय. तुम्ही बागकाम बघा."

"पण सर, पोरं आता सूर वाचायला लागलीत."

"वाचतात का पाठ म्हणतात?" हेडसर स्वतः गणिताचे. "असं करा. नववीची चाल, आठवीनं कधी न ऐकलेली. वाचून गायली तर तास तुमचा. नाही गायली तर खुरपं तुमचं."

नववीत एक मुलगी होती, वडील शुगर फॅक्टरीत बॉयलरवर. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की हिच्या घरी चहाचं आधण चढायचं. तिनं त्या भोंग्याचीच चाल बांधली. सुरुवातीला लांबलचक पंचम, मग बैलांच्या घुंगरांसारखे आखूड सूर, पुन्हा तो पंचम. मी ऐकली आणि गप्प बसलो. मी गप्प बसलो ह्यावर माझी बायको अजून विश्वास ठेवत नाही.

वहीत सूर लांबवायला आपण 'ऽ' अशी नागमोडी खूण काढतो. आमची पोरं उसाच्या रानातली, ती तिला अळी म्हणायची. "सर, पंचमावर किती अळ्या पडल्या?" असं विचारायची. त्या मुलीच्या पंचमावर अळ्यांची रांगच होती.

परीक्षेच्या दिवशी ती पहिल्यांदाच मशीनसमोर बसली.

"सर, ह्याच्यात कसं लिहू?"

"वहीत लिहितेस तसंच लिही की," मी मोठ्या रुबाबात म्हणालो आणि पेटीचा भाता बघायला गेलो.

वाजवून बघायची सोय नव्हतीच, हेडसरांची दाढ आडवी होती. कागद बाहेर पडला तसा तो त्यांनी स्वतःच ओढून घेतला. मी आठवीला आधीच पढवीन, ही भीती. बरोबर चाल कळावी म्हणून आठवीला लांब मैदानात पाठवून नववीनं हेडसरांना बंद खोलीत ती म्हणून दाखवली. मग आठवी आली, आणि हेडसरांनी फळ्यावर अक्षर न् अक्षर उतरवलं, प्रमेय लिहावं तसं.

मी पेटीवर सा दिला. आठवीनं तोंड उघडलं.

"प सा सा सा सा सा!"

भोंग्याला उचकी लागली होती. पंचमावरून उडी मारून पोरं षड्जावर धपाधप आपटत होती, तीही अगदी तालात. खिडकीत जमलेली नववी खिदळत होती. मला डोळ्यापुढं वांग्याचे वाफे दिसले.

मग फळा नीट बघितला. अळीच्या जागी सगळीकडं इंग्रजी एस! पोरीनं कळफलकावर अळी शोधली, आणि दिसायला तशीच एकच सापडली. ती मशीनच्या भाषेत 'सा' होती.

"सर, ते सा न्हाई!" ती खिडकीतून ओरडली. "ती अळी हाय! लांबवायचं हाय ते!"

"गप्प!" हेडसर म्हणाले. खडू वर धरून ते आठवीकडं वळले. "फळ्यावर काय आहे?"

"एस, सर."

"एस म्हणजे?"

"सा, सर."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"सा, सर," आठवी रडकुंडीला येऊन म्हणाली.

हेडसरांनी खडूच्या टोकानं फळ्यावरचे सगळे एस मोजले. मग माझ्याकडं वळले. "पाठ असती तर बरोबर म्हटली असती हो. ही वाचतायत!"

त्यांनी स्वतःच्या बाहीनं सगळे एस पुसले, जागोजाग आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाले, "आता म्हणा."

आठवीनं पंचम धरला तो सोडेचना. लोकांना सांगताना मी सांगतो की नेमका तेव्हाच फॅक्टरीचा भोंगा झाला आणि दोन्ही सूर जुळले. खरं तर भोंगा झाला तेव्हा शाळा सुटली होती. पण त्या मुलीनं डोळे पुसले ते मी बघितलं, आणि तिनं भोंगा ऐकलाच असणार.

माझा तास राहिला. मी त्या मुलीचा ऋणी आहे, तिच्या चालीचा तर आहेच, पण तिच्या चुकीचा जास्त. चाल बरोबर छापली असती तर हेडसर "पाठ आहे" म्हणून मोकळे झाले असते. आठवीचाही ऋणी आहे, समोर लिहिलं तेच गायली म्हणून. आणि हेडसरांचा, ज्यांनी पुढच्या आठवड्यात आपण होऊन हुकूम फिरवला: मशीन वाजवली तरी चालेल.

दाढ काढली का, असं विचारायचा धीर मात्र मला झाला नाही.