रविवार सकाळचे फुसके बार

रायफल उडाली नाही की हात वर करायचा आणि नळी टार्गेटकडेच धरून गप्प पडून राहायचं, असा नियम आहे. काडतूस कधी कधी उशिरा पेटतं, म्हणून बोल्ट लगेच उघडायचा नाही. त्या डिसेंबरात मी रेंजवरच्या सतरंजीवर इतक्यांदा हात वर करून पडले, की शेजारची मुलगी म्हणाली, "शाळेत आहेस का गं तू?"

मी तेव्हा एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. विदर्भातून आलेली, बिबवेवाडीत तिघींत एक खोली घेऊन राहणारी. आठवडाभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि रविवारी पहाटे स्वारगेटला बस बदलून येरवड्याच्या पलीकडे रायफल क्लबात जायचं. ऑफिसात सगळे म्हणायचे, पोहायला जा, गाणं शिक, बंदूक कशाला? मला बंदूकच हवी होती.

क्लबची रायफल एका वेळी एकच गोळी उडवणारी. काडतूस हाताने आत सरकवायचं, बोल्ट बंद करायचा, चाप ओढायचा. बोल्टच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेली पिन असते. ती पुढे येऊन काडतुसाच्या कडेवर आपटली की बार होतो. माझ्या रायफलीत ती आपटायची, पण दार वाजवावं की नको अशा संकोचाने.

सेक्रेटरी म्हणजे निवृत्त अधिकारी, इस्त्रीचा शर्ट आणि त्याहून कडक जीभ. बायका आणि नवशिक्यांना त्यांनी सकाळी सातची वेळ दिली होती. जुने मेंबर नाश्तापाणी उरकून दहानंतर यायचे. पहिल्यांदा बार फुसका निघाला तेव्हा ते म्हणाले, "बोल्ट पुरता बसवला नसेल तुम्ही." दुसऱ्यांदा म्हणाले, "कंपनीत बटणं दाबायची सवय ना तुम्हाला." मग दुपारी त्यांनी स्वतः तीच रायफल घेतली, धडाधड गोळ्या उडवल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रायफल ठणठणीत आहे. चालवणारं माणूस तेवढं बघा."

मला भयंकर राग आला. ऑफिसातही प्रोग्रॅम लिहिणारे हेच म्हणायचे, आमच्याकडे तर चालतंय. मला त्या वाक्याची चीड होती आणि त्याचं औषधही ठाऊक होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. पुढच्या रविवारी न उडालेलं काडतूस, पुरेसं थांबून बाहेर काढल्यावर, शेजारणीला तिच्या स्वतःच्या, घरून आणलेल्या रायफलीत घालायला सांगितलं. उडालं. म्हणजे काडतूस चांगलं. मग माझी रायफल तिच्या हातात दिली. फुसका बार. म्हणजे दोष माझा नाही. मी सेक्रेटरींना म्हटलं, बोल्ट खोलून बघू या.

"क्लबची रायफल मेंबरांनी खोलायची नसते," ते म्हणाले. "आणि खंडेनवमीच्या पूजेला प्रत्येक बोल्ट मी स्वतः उघडून तेल घातलंय."

पुढच्याच रविवारी क्लबच्या टीमची निवड होती. फुसक्या बाराचा दोष रायफलीचा ठरला तर गोळी पुन्हा मिळणार, माझा ठरला तर शून्य. दोन शून्यं पडली की टीम विसरायची, आणि क्लबात माझ्या नावाने खडे फोडायला सगळे मोकळे.

पाणी कुठे मुरतंय ते निवडीच्या आदल्या सकाळी कळलं. शनिवारी सुट्टी, त्यामुळे न्हायचा कार्यक्रम होता. खोलीतल्या मैत्रिणीने खोबरेल तेलाची बाटली उलटी केली, थेंब पडेना. थंडीत ते पांढरं, घट्ट झालं होतं. तिने बाटली उन्हात, खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "थांब, दुपारपर्यंत विरघळेल." मी ओल्या केसांनिशी तशीच उभी राहिले. सकाळी घट्ट आणि दुपारी पातळ.

निवडीच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. पहिलीच गोळी फुसकी. मी हात वर केला, थांबले, काडतूस बाहेर काढलं. त्याच्या कडेवर पिनेची नुसती पुसट खूण.

"शून्य," सेक्रेटरी म्हणाले. "पुढची घ्या."

"बोल्ट उघडा आधी."

"अहो ताई, इथे आपण नेमबाजी करतो, दुरुस्ती नाही."

"मग मी उठत नाही," मी म्हणाले आणि उठले नाही. नळी टार्गेटकडे, बोल्ट उघडा, पोट सतरंजीवर. राग आला की माझी घरची बोली वर येते, तशी ती आली. "तुमचं तेल आत गोठून राहिलं सर, अन् शून्य माझ्या नावावर लिहून राहिले तुम्ही."

मागे कोणीतरी हसलं. माझ्या बोलीला हसलं असेल तर हसो. दहाचे मेंबर जमायला लागले, रेंज अडलेली. शेवटी त्यांच्यातलेच एक वैतागून म्हणाले, "उघडा हो एकदाचं, आमचे नंबर खोळंबलेत."

सेक्रेटरींनी बोल्ट खोलला. स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यात पांढरं, मेणासारखं खोबरेल बसलं होतं, आणि त्यात पूजेचं कुंकू. गुलाबीसर दिसत होतं. त्यांनी ते बोटावर घेतलं, बराच वेळ पाहिलं.

"घाण्यावरचं शुद्ध तेल आहे हे," ते म्हणाले.

"म्हणूनच गोठलं."

रॉकेलने बोल्ट धुतला, पुसून कोरडा केला. त्यांनी एक काडतूस माझ्यापुढे धरलं. मी घेतलं नाही. म्हटलं, "चालवणारं माणूस बघा, हे तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात. आता सगळ्यांसमोरच मागे घ्या."

त्यांनी काडतूस सतरंजीवर ठेवलं. मग मेंबरांकडे न बघता, पण ऐकू जाईल असं म्हणाले, "दोष रायफलीचा होता." एवढंच. मला तेवढं पुरलं. मी गोळी घेतली, त्यानंतर एकही बार फुसका गेला नाही, आणि टीमच्या यादीत माझं नाव सगळ्यात शेवटी का होईना, लागलं.

टीममध्ये आल्यावर रायफली पुसायचं काम माझ्याकडे आलं. पुढच्या खंडेनवमीला सेक्रेटरी ताम्हणात हळदकुंकू आणि तेलाची वाटी घेऊन आले. रायफली ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर झेंडूचं फूल. त्यांनी वाकून पाहिलं आणि थबकले.

"बोल्ट कुठे आहेत?"

मी डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते.

"पूजा उरकू द्या," मी म्हणाले, "मग देते."