आठ तारखेची भरती

सांगण्यासारखं नाही हो, पण चहा तुमचा आहे म्हणून सांगतो. शहाणा माणूस मूर्खपणा करतो तो एकट्याने, दार लावून. मी केला तो नऊ माणसं बरोबर घेऊन, बेटावर, तोही सेक्रेटरी या नात्याने!

संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चालली होती तेव्हाची गोष्ट. लालबागच्या आमच्या चाळीत मित्रमंडळाचा मी सेक्रेटरी. दिवसभर गिरणीच्या टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी लिहायची आणि संध्याकाळी टेबलावर उभं राहून "मुंबई आमची!" म्हणून गरजायचं. आवाज असा, की परळचे कावळे उडावेत.

आता खरं सांगू? ही सगळी बोंबाबोंब खालच्या मजल्यावरच्या कुसुमने ऐकावी म्हणून! तिचे वडील तात्या परब. उभा जन्म बंदरातल्या बोटीवर सारंग म्हणून सुकाणू धरण्यात गेला. बोलणं मोजकं, तेही मालवणी. आई मला म्हणाली, "आधी तात्यांच्या मनात भर, मग मी मागणी घालते."

मनात भरायचं कसं? काढली सहल! गणपती बुडवून तीन दिवस झाले होते, गिरणीला सुट्टी होती. लाँचने घारापुरीला जायचं, पण लेणी बघायची नाहीत. लेणी काय, कुणीही बघतं! आपण किनाऱ्याकिनाऱ्याने चालत बेटाच्या मागे जायचं, तिथे डोंगरावरून धबधबा पडतो म्हणे. हा 'म्हणे' मी चाळीत कुणाला सांगितला नव्हता.

लाँचमधून उतरल्यावर माझा दोस्त बबन म्हणाला, "किनाऱ्याने जायचं? भरती कधी आहे रे?"

"कोकणी माणसाला भरती विचारतोस? अरे, आमच्या बापजाद्यांचा हिशेब आहे. आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. आज आठ. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती म्हणजे बाराला ओहोटी. वाजलेत किती? बारा! चला!"

कुसुमने कौतुकाने बघितलं. तात्यांनी माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं आणि विडी पेटवली. मला वाटलं, झालं, पसंत पडलो!

निघालो. मी पुढे, मागे रांगेने मंडळी. थोड्या वेळात पाणी घोट्याला लागलं. मी म्हटलं, "ओहोटीचं पाणी आहे, जाता जाता पाय धुतं." मग गुडघ्याला लागलं. "हे शेवटचं!" बबनच्या चपला वाहून गेल्या. मांडीला लागलं तेव्हा मात्र माझं भाषण थांबलं.

"वर चढा, वर!" तात्या ओरडले. आम्ही एका मोठ्या खडकावर चढलो. मागे काटेरी झाडीचा उभा कडा, पुढे समुद्र. आणि धबधबा? होता ना, अगदी डोक्यावर होता! कुसुम म्हणाली, "सेक्रेटरीसाहेब, आपल्या चाळीच्या नळाला याच्यापेक्षा मोठी धार असते."

तेवढ्यात एक होडी दिसली. मी टोपी सावरून पुढे झालो आणि हात उंच करून बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अहो, इकडे या! वाचवा!" वारा उलटा. होडीतल्या कोळ्यांना दिसलं काय? खडकावर नऊ माणसं आणि पुढे एक टोपीवाला हात उगारून कोकलतोय. त्या दिवसांत याचा अर्थ एकच! होडीतले सगळे उभे राहिले, मुठी वर केल्या, "झालाच पाहिजे!" म्हणून गर्जना केली आणि आनंदाने निघून गेले.

एक नाही, अशा तीन होड्या गेल्या! तिसरीतल्या म्हातारीने तर हात जोडले. तिला वाटलं असणार, बिचारी पोरं मुंबईसाठी भर समुद्रात उपोषणाला बसलीत!

तात्या निवांत चपाती खात होते. मी रडकुंडीला आलो. "तात्या, काहीतरी करा हो!"

"करूचा काय? साडेतीनाक पाणी उतरतला."

"तुम्हाला कसं माहीत?"

"आज द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीडाक भरती. रे, पाऊणपट तिथीची करतत, तारखेची न्हय!"

टाइम ऑफिसचा कारकून मी! जन्म लालबागचा, तारखेपलीकडे मला काय कळतंय? मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी म्हटलं, "मग आधी का नाही बोललात?"

"तू इचारलंस खंय? तू सांगत होतस. ह्यो खडक बुडणा नाय, ह्या माका ठावक होता, म्हणान गप रवलंय."

साडेतीनला पाणी उतरलं. चिखल तुडवत लाँच गाठली. बबन तर अनवाणी होता, तो नंतर महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

आई बिचारी मागणी घालायला गेली. तात्यांनी चहा दिला, मुलगी दिली नाही. ती दिली पुण्याला, सदाशिव पेठेत! माझं डोकंच फिरलं. तडक खाली गेलो. "तात्या, त्या गावाला समुद्र नाही! सारंगाचा जावई असा? त्याला भरती-ओहोटीतलं काय कळतं?"

"कायेक नाय," तात्या म्हणाले. "पण माझ्या बोटीर न्हेलंय तेव्हा तो आपणच म्हणता, माका ह्यातला काय कळणा नाय."

ऐकलंत? पुण्याचा माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणाला, मला कळत नाही! आता सांगा, त्याच्यापुढे माझा काय टिकाव लागणार होता?