तक्तेबाईंची नात

वस्तीच्या नेत्रकेंद्रातर्फे शाळांमधून मुलांचे डोळे तपासणाऱ्या बाईंना सगळे तक्तेबाई म्हणत. खरं आडनाव केंद्रातही कुणाला आठवत नसे. बाईंची तक्रार नव्हती. आडनाव लक्षात राहिलं की माणसाला जास्तीची कामं सांगतात.

पूर्वी तपासणी भर वर्गात चाले. एक मूल तक्त्यावरची अक्षरं वाची, बाकीची ऐकत, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेस्तोवर अख्ख्या वर्गाची दृष्टी निर्दोष झालेली असे. ज्याला चष्मा लागे त्याचं टोपणनाव तिथल्या तिथे ठरे. मग केंद्रात सुधारणा झाल्या. आता बंद खोली, एका वेळी एकच मूल, आणि आधी विचारायचं, "तपासू का?" मूल नको म्हणालं तर नको. कारण विचारायचं नाही, घरी अवाक्षर काढायचं नाही, आठवड्याने पुन्हा विचारायचं. हा मुलांचा हक्क. बाईंना तो मनापासून पटला होता. अशा गोष्टी स्वतःच्या घरापर्यंत येईतो पटलेल्याच राहतात.

त्या दिवशी रांगेतून त्यांची नात आत आली. घरात तिला बटण म्हणत.

"तपासू का?"

"नको, बाई," बटण म्हणाली आणि निघून गेली.

बाई तक्त्याकडे बघत राहिल्या. ही पोर घरी टीव्हीला इतकी चिकटून बसे की मागच्यांना नुसती तिची वेणी दिसायची.

संध्याकाळी सुनेने विचारलंच. "आई, आज बटणच्या शाळेत होतात ना? कसे आहेत तिचे डोळे?"

"मला सांगता येत नाही."

"अहो, तुम्ही आजी आहात तिच्या."

"आजीला काही माहीत नाही. तपासणाऱ्या बाईला माहीत आहे, आणि ती मला सांगणार नाही."

"बरं, दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊ का तिला?"

बाईंनी तोंडात गुळणी धरली. ने म्हणावं तर बिंग फुटलं, नको म्हणावं तर पोरीचे डोळे गेले.

"म्हणजे ठीकच असणार," सून म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. इतकं गप्प राहूनही आपण खोटं बोललो की काय, हे बाईंना कळेना.

त्या मटार सोलायला बसल्या. कारण विचारायचं नाही हा नियम मटार सोलतानाही लागू असतो का, हे प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. बटण शेजारी येऊन बसली.

"आजी, रागावलीस?"

"नाही गं."

"मला तो तक्ता पाठ आहे ना."

स्वयंपाकघराच्या दारामागे केंद्रातला एक जुना तक्ता लटकत होता. बटणला अक्षरओळख बाईंनीच त्यावरून करून दिली होती. त्यामुळे तिची मुळाक्षरं वरून खाली लहान लहान होत जात.

"मी सगळं धडाधड म्हटलं असतं," बटण म्हणाली. "तू शाबास म्हणाली असतीस. आणि फळा मला दिसलाच नसता."

"मग तिथंच का नाही बोललीस?"

"कारण सांगायचं नसतं, असं तूच सांगितलंस सगळ्यांना."

पुढच्या खेपेला बाईंनी अक्षरांचा तक्ता गुंडाळून तीन दातांच्या फणीसारख्या खुणांचा लावला. दात कुठल्या बाजूला आहेत ते बोटाने दाखवायचं, पाठांतराचं काम नाही. बटण हो म्हणाली. तिसऱ्या ओळीला तिचं बोट हवेतच फिरत राहिलं.

त्याच दुपारी सुधारणांचा परिणाम तपासणाऱ्या मॅडम आल्या. "नकाराच्या हक्काने मुलांचा फायदा झाला की तोटा?"

बाई विचारात पडल्या. नकारामुळे आठवडा वाया गेला. नकार नसता तर पोर पाठांतरावर पास होऊन फळ्यापुढे आंधळी बसली असती. पण तक्ता पाठ कुणी करून घेतला?

"दोन्ही," त्या म्हणाल्या.

"एकच सांगायचं असतं."

"मग मला आठवड्याने पुन्हा विचारा."

घरी जाताना बटणने बजावलं, "आईला मी सांगणार. तू बोलायचं नाहीस." बाईंनी ओठ घट्ट मिटले. ही विसरली तर काय करायचं, ते मात्र कुठल्याच नियमात नव्हतं. सुनेने दार उघडलं. बटणने दप्तर टाकलं, पाणी मागितलं, खेळायला जाऊ का म्हणून विचारलं. बाई उंबऱ्यातच उभ्या.

"आई, तुम्ही अशा का बघताय?"

"कुठे काय," बाई म्हणाल्या.

बटण दारातून मागे फिरली. "आई, मला चष्मा लागणार आहे," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "आजीला सांगू नकोस हं. तिला काही माहीत नाही."