कागदावर झोपलेला कॅप्टन

रेवा आणि ईशान, वैमानिकांचा संप योग्य की अयोग्य, असा वादविवाद तुमच्या शाळेत आहे, आजीने मुद्दे पाठवावेत, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. मुद्दे तुम्हाला कुठेही मिळतील. मी एका माणसाबद्दल लिहिते.

आमच्या बाळकुमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहायचे. कोणी तावातावाने बोलू लागलं की ते चष्मा काढून विचारत, "आधी सांगा, काल झोप किती झाली?" एका विमान कंपनीत वैमानिकांचे ड्यूटी चार्ट बनवण्यात त्यांची सगळी हयात गेली होती.

आजोबांच्या पंचाहत्तरीला तुमचं विमान संपामुळे रद्द झालं. तुमच्या गाद्या घालून तयार होत्या. मी वर्तमानपत्रासाठी संपाविरुद्ध कडक इंग्रजी पत्र लिहिलं आणि संध्याकाळी बागेतल्या बाकांवर सह्या घ्यायला गेले.

पाटलांनी लगेच सही केली. आमच्या इमारती ज्यांच्या शेतावर आहेत, तेच हे पाटील. "एवढा पगार घेऊन वर संप? माझा बाप मिठागरात उन्हात राबला, कधी संप केलेला नाय."

"म्हणून तर तुम्ही मुलाला मिठागरात पाठवलं नाहीत," काका म्हणाले.

पाटील हसले. मी मात्र कागद पुढे केला. "माझी नातवंडं आली नाहीत, त्याचं काय?"

काकांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. "इंग्रजी सुंदर आहे, बाई. सही नाही करत."

मग ते हळू आवाजात सांगू लागले. "एक कॅप्टन डोंबिवलीला राहायचा. त्याची विश्रांती मी विमान थांबल्यापासून मोजायचो. नियम तसाच होता. तो शिळफाट्यावर गाडीत अडकलेला असायचा आणि माझ्या कागदावर झोपलेला. एकदा माणूस कमी पडला, तेव्हा त्याला फोन करून ड्यूटीवर यायची गळ घातली. उतरताना विमान धावपट्टीवर आपटलं. कोणाला लागलं नाही. पण चौकशीत नाव त्याचं आलं, माझं नाही."

त्यांनी पत्र माझ्या हातात परत दिलं.

"नुसत्या पगारासाठी अडवतात, तेव्हा मलाही पटत नाही," काका म्हणाले. "झोप मागतात, तेव्हा मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

"मग आपल्या वॉचमनचं काय, काका?" पाटलांनी विचारलं. "बदली आला नाय म्हणून काल रात्रीपासून उभाच आहे तो."

काका गेटकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉचमनसाठी चार्ट केला. लागोपाठ दोन ड्यूट्या बंद, आणि विश्रांती मोजायची ती माणूस दिवा गावातल्या आपल्या घरी पोहोचल्यापासून. कमिटीत त्यावर भांडण झालं. मी हात वर केला, पाटलांनीही.

पत्र मी पाठवलं नाही. तुम्ही आला नाहीत याचा राग मात्र पुरता गेलेला नाही, तेही वादविवादात सांगा.

काका जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्या घरात नवे लोक आले, वॉचमनही सगळे बदलले. चार्ट अजून तोच आहे.