तीन डोळेवाल्यांची अक्षरं

माझा मामा एका मासिकाच्या छापखान्यात फुगे भरायचा. चित्रकथेतल्या माणसांच्या तोंडाजवळ बोलण्याचे पांढरे फुगे असतात ना, त्यांतली अक्षरं तो हाताने काढायचा. लेखक लांबलचक भाषण लिहून मोकळा, चित्रकार टीचभर फुगा काढून मोकळा, आणि त्यात ते भाषण कोंबायचं मामाने. छापखान्यात सगळे त्याला फुगेवाले म्हणत. नवीन आलेले तर ते त्याचं आडनावच समजायचे.

आई मात्र त्याचं कुठलंच नाव घेत नसे. आजोबा शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा तिने त्याला निरोप धाडला होता. 'दोन पानं उरलीत, संपवून येतो,' म्हणाला, आणि आला तोवर सगळं आटोपलं होतं. दारातच आई त्याला म्हणाली, "जा, फुगेच भरत बस." त्यानंतर अकरा वर्षं सख्ख्या बहीणभावांत अबोला. दोघंही हट्टाला पेटलेली, आणि मधल्यामध्ये मी. कॉलेज सुटलं की आईला न सांगता छापखान्यात जायची, मामाच्या तिरक्या टेबलाशी स्टूल ओढून बसायची. शाईचा तो वास अजून कुठे आला की माझा पाय आपोआप थबकतो.

अबोल्याच्या पहिल्याच वर्षी मासिकात तीन डोळ्यांच्या परग्रहवासीयांची मालिका सुरू झाली. लेखकाने त्यांच्या फुग्यांपुढे नुसतं 'परग्रहाची भाषा' असं लिहून पाठवलं. संपादक म्हणाले, "मारा कशाही रेघोट्या. कोण वाचणार आहे?"

मामाने रेघोट्या मारल्या नाहीत. त्याने अडतीस अक्षरं आणली. एक नळासारखं, एक केसांच्या पिनेसारखं, एक कानाला अडकवायच्या चष्म्यासारखं. शेपूट असली की आवाज लांबवायचा, खाली ठिपका आला की वाक्य संपलं. वाचकांची पत्रं यायची, या लिपीची किल्ली छापा म्हणून. संपादक एका पायावर तयार होते. मामा म्हणायचा, "किल्ली हरवली," आणि टाकाचं टोक फडक्याने पुसत बसायचा. मलाही त्याने कधी ताकास तूर लागू दिली नाही.

आई दर महिन्याला ते मासिक आणायची. "तुझ्यासाठी," म्हणायची. मी चित्रकथांचं वय कधीच ओलांडलं होतं, पण बोलून दाखवलं नाही.

एका रविवारी दुपारी मी खोलीत गेले, तर आई कपाटाच्या आरशासमोर मासिक धरून उभी. तिचे ओठ हलत होते.

"काय करतेस?"

"पान उलटं छापलंय. प्लेट करताना फिल्म उलटी बसली असणार."

ते पान तीन डोळेवाल्यांच्या यानातलं होतं. माणसाचा एकही फुगा नाही, त्यामुळे छापखान्यात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"तुला कसं कळलं?"

"बाबांचा चष्मा. काडी डावीकडे हवी." ती आरशातच बघत होती. "लहानपणी आम्ही दोघा भावंडांनी केलेली ही अक्षरं. बाबांना आमच्या चिठ्ठ्या वाचता येऊ नयेत म्हणून. घरात जे दिसेल त्याचं अक्षर."

मग तिने वाचून दाखवलं. 'डावा डोळा गेला. उजव्याचा भरवसा नाही. पुढच्या अंकानंतर काम बंद. त्या दिवशी यायला हवं होतं.'

"आणि आधीच्या अंकांत?"

"कधी पाठदुखी, कधी घरमालकाची कटकट. शेवटचं वाक्य मात्र दर महिन्याला तेच."

"अकरा वर्षं वाचतेस आणि एका शब्दाने उत्तर दिलं नाहीस?" मी चिडलेच.

"उत्तर द्यायला माझं मासिक कुठंय?" ती म्हणाली, आणि पलंगावर बसून रडायला लागली. आईला मी आजोबांच्या वेळीही रडताना पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी ती माझ्याबरोबर छापखान्यात आली. मामा भिंग घेऊन कागदावर वाकला होता. आईने ते पान त्याच्यापुढे ठेवलं.

"उलटं लागलंय."

आवाज ऐकून तो दचकला. मग भिंग पानावरून फिरवत राहिला, गरजेपेक्षा बराच जास्त वेळ. "कुणी सांगितलंच नाही, ताई," म्हणाला.

"बाकीच्यांना वाचता कुठे येतं?"

त्याने भिंग खाली ठेवलं. आई माझ्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दे तो टाक. काय राहिलंय ते सांग."

मामाला जाऊन आता सहा वर्षं झाली. तो शेवटचा अंक माझ्याकडे आहे. त्यातले सगळे फुगे मामाच्या वळणाचे, थोडे हललेले. एक तेवढा वेगळा. ओळ वर चढलेली, नळ वाकडा, शाईचा डाग पडलेला. संपादकांनी तो बदलायला सांगितला होता. मामा म्हणाला, "राहू दे, तिकडचं माणूस असंच बोलतं."

मला आता ती अक्षरं येतात. त्या फुग्यात लिहिलंय, 'काम आटपून घरी ये. कितीही उशीर झाला तरी जेवायची थांबते.'