रत्नप्रभाबाईंचा ओढा

चौथीत असताना रत्नप्रभा साळगावकर भर वर्गात ओढ्याला 'व्हाळ' म्हणाली आणि सगळा वर्ग खो खो हसला. त्या दिवशी तिने मालवणी गिळली ती गिळलीच. पुढे घरी आई मालवणीत बोलायची आणि मुलगी छापील मराठीत उत्तर द्यायची. आई वैतागून विचारायची, "ह्या चेडवाक जल्म मी दिलंय, काय छापखान्यान?"

अशा या रत्नप्रभाबाई १९५४ साली मुलुंडच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गावर होत्या; पण कायम नव्हत्या. दोन वर्षं झाली तरी 'तात्पुरत्या'च. दिपोटीसाहेबांनी, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांनी, पाठ बघून चांगला शेरा दिला तर कायम. नाहीतर जूनपासून घरी. आणि घरी आईने चेंबूरचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं. बिजवर, गिरणीत मजुरांवरचा जॉबर, मिशा दोन्ही कानांना टेकलेल्या.

"नोकरी कायम झाली तर मी तोंड उघडूचंय नाय," आईने देवासमोर कबूल केलं होतं.

साहेबांनी पाठ निवडला तोही भूगोलातला, 'आपल्या भोवतालची स्थळे'. डोंगर, दरी, पठार, ओढा. 'पुस्तकातून नको. मुलांना रानात न्यावे, मी सोबत येईन,' असं त्यांचं कार्ड आलं. बाईंनी ते दोनदा वाचलं. मुलांना ही स्थळं नीट दाखवता आली नाहीत, तर आई आपल्याला ते स्थळ दाखवणार!

दिवाळीनंतरच्या शनिवारी वरात निघाली. पुढे शाळेचे शिपाई धाकूमामा, हातात कोयती, खांद्यावर रस्सीखेचीचा दोर. मागे अडतीस मुलं आणि त्यांचे पुरीभाजीचे डबे. शेवटी धोतर, काळा कोट, काळी टोपी आणि छत्री अशा थाटात साहेब.

दोर कशाला, तर वाटेत ओढा लागतो, धरायला बरा. संमेलन जवळ आलं होतं, त्यामुळे मुलांचे हातही त्या दोराला सरावलेले. पंधरा दिवस रोज संध्याकाळी बाई मैदानात उभ्या राहून "ओढा!" म्हणून ओरडत होत्या. तिसरी 'अ'कडून एकदा हार झाल्यावर त्यांनी बजावलंच होतं, "शब्द कानावर पडला की ओढायचं. विचार करत बसायचं नाही."

पाऊस सरून महिना झाला होता. गवताचे शेंडे पिवळे पडत होते, आणि वाटेवरच्या धुळीत अडतीस जोड्या पावलांचा बारीक आवाज होत होता.

"बाई, आपण डोंगरावर आलो की अजून मुलुंडातच आहोत?" नंदूने विचारलं.

बाईंनी पुस्तक आठवून पाहिलं. डोंगर कुठे सुरू होतो हे त्यात नव्हतं. "चाल तू," त्या म्हणाल्या.

ओढ्याला मांडीभर पाणी होतं. धाकूमामांनी एकेकाला दगडांवरून पलीकडे नेलं. "ह्यो व्हाळ. पाय संभाळा," प्रत्येकाला सांगितलं. बाई पलीकडे गेल्या. उरले साहेब. दोराचं एक टोक मुलांनी धरलं, दुसरं साहेबांनी मनगटाला गुंडाळलं. एका हातात पंपशू, दुसऱ्यात दोर आणि काखेत छत्री घेऊन ते मधल्या दगडापर्यंत आले, आणि तिथे त्यांच्यातला परीक्षक जागा झाला.

"काय गं मुली, मी आत्ता काय ओलांडतोय?"

माणिक ठणठणीत आवाजात म्हणाली, "व्हाळ!"

"काय?"

बाईंच्या कानात तो चौथीचा वर्ग पुन्हा हसला. डोळ्यांसमोर मिशा आल्या. जिवाच्या आकांताने त्या ओरडल्या, "व्हाळ नाही गं! ओढा! ओढा!"

तिसरी 'ब'ने विचार केला नाही. अडतीस जणांनी टाचा रोवल्या आणि ओढलं.

छत्री एकीकडे, पंपशू दुसरीकडे, आणि साहेब मधोमध बसलेले, छातीपर्यंत पाण्यात.

"मेल्यांनो, दोर सोडा! सायब व्हाळात पडले!" हा आवाज कुणाचा हे बाईंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि त्यांनी तोंडावर पदर धरला.

साहेबांनी चष्मा पुसला. "मुली, बाई आधी काय म्हणाल्या?"

"ओढा, सर."

"मग ओढा म्हणजे काय?"

माणिक बिचारी गोंधळली. "ओढून झालं, सर."

साहेबांचे खांदे हलू लागले. थंडीने असतील असं बाईंना वाटलं. पण ते हसत होते. तेवढ्यात त्यांची टोपी प्रवाहाला लागली. "ती कुठे जाईल, सांगा बघू?"

"खाडीत!" नंदू म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"दिसतंय ना, सर!" त्याने बोट दाखवलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. खाली शाळेचं कौलारू छप्पर, रुळांची बारीक रेघ, मिठागरांचे चौकोन, आणि त्यांच्यापलीकडे उन्हात चमकणारी खाडी. रोज ज्यात राहतो ते गाव मुलांनी पहिल्यांदाच वरून पाहिलं. बाईंनीही.

परतीच्या वाटेवर धाकूमामा हळूच म्हणाले, "बाईंनू, व्हाळच म्हटलां असतात तर सायब सुके रवले असते."

"गप रवा, धाकूमामा," बाई म्हणाल्या. पहिल्या कारट्याला ठेच लागून दुसरं त्याच्यावर पडेपर्यंत मामा त्यांच्याकडे बघतच राहिले.

आठवड्याने शेरा आला. 'ओढा या स्थळाची मुलांना प्रत्यक्ष ओळख झाली. तपासणाऱ्यासही झाली. बाईंना कायम करावे. पुढील खेपेस दोर आणू नये.'

बाई कागद घेऊन धावतच घरी गेल्या. आई विळीवर नारळ खोवत होती.

"आये, मी कायम झालंय!"

आईचा हात थांबला. चेंबूर, जॉबर, मिशा, काहीच तिच्या ध्यानात राहिलं नाही. लेकीकडे बघत ती म्हणाली,

"छापखानो बंद पडलो काय गो?"